दोन्ही सिलिंडरचा करंट एकदम गेला तेव्हा : भुसावळच्या एका मॅग्नेट दुरुस्तीच्या दुकानाचा अनुभव

हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या बाजूला, माझे मावसभाऊ मासेमारी करतात. त्यांच्या होडीला परदेशी बनावटीचे, सहा अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे जुने आउटबोर्ड इंजिन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचे इंजिन, आहे. ते दोन पावसाळे काठावरच्या ओलसर खोलीत पडून राहिले आणि यंदा बाहेर काढले तेव्हा दोरी कितीही ओढली तरी एकाही प्लगवर ठिणगी पडेना. पहिल्या कारागिराने दोन्ही प्लग बदलले, दोन्ही कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी तारेची वेटोळी) जळाल्या असल्याचे सांगितले आणि नव्या कॉइलची जी किंमत काढली, तेवढ्यात जुने इंजिनच विकत मिळाले असते. शेवटी आम्ही ते भुसावळला नेले. तेथे केळीच्या बागांवरचे रॉकेलपंप, फवारणीचे पंप आणि जुन्या स्कूटर यांचे मॅग्नेट, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारी यंत्रणा, दुरुस्त करणारे एक लहानसे दुकान आहे. आउटबोर्ड त्यांच्याकडे क्वचितच येते. पण बॅटरीवाचून चालणारे पॉइंटचे (उघडमीट होणाऱ्या धातूच्या टोकांचे) मॅग्नेट सगळीकडे सारखेच असते, आणि ते दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना मनापासून कळते.

“भाऊ, करंट कुठे अडतो ते आधी पाहू, सामानाचं नंतर बोलू,” एवढे सांगून त्यांनी काम सुरू केले. प्रथम इंजिन बंद करण्याच्या बटणाची तार सोडवली, कारण ती तार कोठे इंजिनाच्या अंगाला लागली असेल तर मॅग्नेट कितीही चांगले असले तरी ठिणगी मिळत नाही. तरीही काही फरक पडला नाही. मग त्यांनी जे सांगितले ते मला या भेटीतले सर्वांत मोलाचे वाटते. दोन सिलिंडरच्या दोन स्वतंत्र कॉइल एकाच वेळी जळणे फार दुर्मीळ. परंतु एकाच ओलसर खोलीत ठेवलेले पॉइंटचे दोन्ही जोड एकाच वेळी गंजतात. इंजिनाच्या फिरत्या जड चाकातील चुंबक कॉइलजवळून फिरताना आतल्या जाड तारेच्या वेटोळ्यात जो प्रवाह निर्माण होतो, तो मिटलेल्या पॉइंटमधूनच वाहतो. पॉइंट उघडताच तो तुटतो आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो. पॉइंटवर गंजाची पातळ साय जरी बसली, तरी प्रवाह सुरूच होत नाही, मग तुटणार कोठून?

चाक काढण्यासाठी त्यांनी पुलर, म्हणजे चाक खेचून काढायचे अवजार, वापरला. पहिल्या ठिकाणी क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकावर हातोडी चालवण्याची तयारी झाली होती, हे आठवून मला आजही धसका बसतो. त्या ठोक्याने आटे बिघडतात आणि चाकातील चुंबकालाही इजा होऊ शकते. चाकाची चावी, म्हणजे चाक दांड्यावर जागेवर धरणारी धातूची छोटी पट्टी, शाबूत होती. पॉइंट मिटलेले असताना विजेचा रोध मोजणारा मीटर शून्याजवळ यायला हवा होता, पण तो जागचा हलला नाही. बारीक पॉलिश पेपरने पॉइंट घासून त्यांनी पेट्रोलने धुतले आणि कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढून उरलेली भुकटीही काढली, कारण तेवढी भुकटीसुद्धा प्रवाह अडवते. मग फिलर (ठरावीक जाडीची मोजपट्टी) लावून पॉइंटमधील अंतर इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, ठेवले आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला लागणाऱ्या फेल्टच्या वातीला तेलाचा एकच थेंब दिला.

त्यानंतर खालच्या सिलिंडरची ठिणगी ६ मिलिमीटरची फट ओलांडून निळी पडली. वरच्याची मात्र पिवळसर आणि अडखळती होती. पॉइंट उघडताना तेथे ठिणगी पडू न देणारा कंडेन्सर बदलून पाहिला, तेव्हा त्यांनी स्कूटरचा सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा तात्पुरता जोडला. उपयोग झाला नाही. वरच्या कॉइलच्या वेष्टणाला केसाएवढी चीर होती. ती चिकटद्रव्याने बुजवून देण्याची विनंती मी केली, परंतु इंजिन तापल्यावर ऐन पाण्यात ते पुन्हा बंद पडेल म्हणून त्यांनी स्पष्ट नकार दिला. एकच कॉइल मुंबईहून मागवली. त्यात नऊ दिवस गेले. मजुरी ७०० रुपये घेतली आणि जुनी कॉइल न मागता परत दिली.

उणिवाही नोंदवायला हव्यात. पावती हाताने लिहिलेली मिळते आणि त्यात कामाचा तपशील नसतो. नट ठरावीक जोराने आवळायचा टॉर्क पाना दुकानात नाही. चाकाचा नट अंदाजाने आवळणे मला मान्य नव्हते, म्हणून शेजारच्या गॅरेजमधून पाना आणावा लागला. नट सैल राहिला तर चाक दांड्याच्या निमुळत्या टोकावर (टेपरवर) सरकून चावी तुटू शकते, हे त्यांनाही पटले. शिवाय आउटबोर्ड कोरडे चालवून पाहण्याची त्यांची तयारी होती, ती मी थांबवली, कारण अशा इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा पाण्याशिवाय काही क्षणांतच झिजू लागतो. त्यांनी लगेच २०० लिटरचे पिंप भरून दिले आणि तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले.

तेथे आउटबोर्ड नेणाऱ्यांनी इंजिनाची पुस्तिका, पेट्रोलमध्ये मिसळायचे दोन-स्ट्रोक तेल आणि इंजिन अडकवण्यासाठी एक मजबूत फळी सोबत न्यावी. दुकानात यांपैकी काहीही मिळत नाही.