जिमनी पांदणीत घालण्याआधी

मारुतीची फोर-बाय-फोर गाडी जिमनी पारखायला घाट कशाला? जुलैतली अर्धा किलोमीटर पांदण पुरे. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि टायरला कणकेसारखी चिकटते. इथे जिमनीला तारतं तिचं वजन, जेमतेम १२०० किलो. महिंद्राची थार बरीच जड, चाकोरीत तेवढीच खोल जाते.

दुखणं टायरचं. कंपनीचे १९५/८० आर १५ डांबरासाठीच आहेत. चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत. ए/टी, म्हणजे ऑल-टेरेन (माती-डांबर दोन्हींवर चालणारे) टायर घालाच. तोवर हवा १८-२० पीएसआयवर आणा. १५ च्या खाली टायर रिममधून सुटू शकतो. मऊ टायरची बाजू पऱ्हाटीचा खुंट सहज फाडतो, म्हणून चिखल चुकवायला बाजूच्या वावरात उतरू नका.

फोर-एल (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण जोर जास्त) पांदणीच्या तोंडाशीच टाका: गाडी उभी, गिअर न्यूट्रल, क्लच दाबलेला. मग दुसरा गिअर आणि एकसारखी रेस. पहिल्यात चाक नुसतंच गरगरतं. डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीला) मेकॅनिकल लॉक नाही. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, तेव्हा ताकद पलीकडच्या बाजूच्या चाकाला मिळते. त्या वेळी खालून कर्र-कर्र आवाज येतो. घाबरून पाय काढला की गाडी बसलीच! दोन-तीन सेकंद दम धरा.

ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा पुष्कळदा त्याहून मोठा, म्हणून एक बाजूची चाकं त्या उंचवट्यावरूनच न्या. पाच दारांमुळे व्हीलबेस लांबला, मधला कोन (पोट न टेकता उंचवटा ओलांडता येतो तो) २४ अंशच उरला. नाल्याच्या काठावर पोट घासतं ते त्यामुळे. पोट टेकलं की फोर-बाय-फोर काय कामाची? फावड्याने खालची माती ओढा, चाकापुढे तुराट्या अंथरा. ट्रॅक्टर बोलावलाच तर पट्टा हुकालाच बांधा, स्टिअरिंगच्या रॉडला कधीच नाही.

डांबरावर येताच टू-एच, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद. नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांमधला सेंटर डिफरन्शियल नसल्याने वळणावर गाडी आखडते. लिव्हर अडकली तर दोन-चार मीटर मागे घ्या, सुटते.

पुढे ७०-८० च्या वेगात स्टिअरिंग थरथरलं तर बॅलन्सिंगवाल्याकडे धावू नका. रिमच्या आतल्या बाजूला बोट घालून बघा, मातीचा थर सापडेल. ओला असतानाच पाण्याने काढा. वाळला की छिन्नी लागते.