कार्बन क्रेडिट घेताय? आधी करारातली व्याख्या वाचा

आमच्या कंपनीचे कार्बन क्रेडिटमध्ये पैसे बुडाले. वकील म्हणतात, विकणाऱ्याने करारात लिहिलं होतं ते दिलं, त्यामुळे फसवणूक सिद्ध करणं जड जाईल. ती खरेदी माझ्या सहीने झालेली नाही. मी हिशेब विभागात आहे, पैसे परत मिळवायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलं. त्या निमित्ताने तो करार इतक्या वेळा वाचला की कलमं तोंडपाठ झाली आहेत.

झालं असं, की एका मोठ्या ग्राहकाने पुरवठादारांना अट घातली: मालाच्या उत्पादनातलं जे कार्बन उत्सर्जन कमी करता येत नाही, त्याच्या भरपाईचा, म्हणजे तेवढी कार्बन क्रेडिट घेतल्याचा, पुरावा द्या. अशा वेळी सल्लागार कुठून उगवतात देव जाणे. आमच्याकडे आलेला बोलायला गोड होता. जंगलाची उपग्रहचित्रं, आलेख, सगळं चकाचक आणि भाव इतरांपेक्षा कमी. करार झाला, पैसे गेले आणि प्रमाणपत्र आलं: जाड कागद, सोनेरी किनार, कोपऱ्यात होलोग्राम, खाली लांबलचक अनुक्रमांक.

ग्राहकाच्या ऑडिटरने होलोग्रामकडे बघितलंही नाही. तो अनुक्रमांक त्याने रजिस्ट्रीच्या, म्हणजे क्रेडिटची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर टाकला. प्रकल्प खरा निघाला, क्रेडिटही खरी निघाली. पण समोर ‘रिटायर्ड’ असा शेरा होता, लाभार्थी म्हणून भलत्याच कंपनीचं नाव होतं आणि तारीख आमच्या कराराच्या आधीची. म्हणजे कुणीतरी वापरून संपवलेली क्रेडिट आम्हाला दाखवली होती.

आता हे ‘संपवणं’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळा व्यवहार त्यावर उभा आहे. एक क्रेडिट म्हणजे एक मेट्रिक टन कार्बन डायऑक्साइड किंवा त्याइतका तापमानवाढीचा परिणाम करणारा दुसरा वायू, हवेत जायचा थांबवलेला किंवा हवेतून काढून घेतलेला. हे टन कुणी गोदामात ठेवू शकत नाही. ते असतात फक्त रजिस्ट्रीतल्या नोंदीत. व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्डसारख्या संस्था स्वतंत्र तपासणीनंतर क्रेडिट जारी करतात, प्रत्येकाला क्रमांक देतात आणि कपात कोणत्या वर्षातली तेही नोंदवतात. त्या वर्षाला व्हिंटेज म्हणतात. क्रेडिट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरू शकतं. पण भरपाईचा दावा करायचा तर ते रिटायर करावं लागतं, म्हणजे कायमचं बाद. एका टनावर दोघांनी हक्क सांगू नये यासाठी ही सोय आहे.

आम्ही जाब विचारला तेव्हा सल्लागाराने शांतपणे कराराच्या पहिल्याच कलमावर बोट ठेवलं. तिथे ‘कार्बन क्रेडिट’ची व्याख्या साधारण अशी होती: ‘प्रकल्पातून निर्माण झालेल्या अथवा होऊ शकणाऱ्या उत्सर्जन कपातीशी संबंधित कोणताही पर्यावरणीय लाभ, हक्क किंवा दावा.’ ‘होऊ शकणाऱ्या’ या दोन शब्दांत आमचे पैसे गेले. त्याचं म्हणणं, अनुक्रमांक प्रकल्पाची ओळख पटावी म्हणून नमुन्यादाखल छापला. तुम्ही घेतलात तो पुढच्या वर्षांतल्या संभाव्य कपातीवरचा हक्क. पुढे आणखी गंमत होती. ‘डिलिव्हरी’ म्हणजे काय, तर प्रमाणपत्र सुपूर्द करणं. रजिस्ट्रीचं नाव अख्ख्या करारात एकदाही नाही. आणि नुकसानभरपाईची जबाबदारी किती? सल्लागाराच्या दलालीपुरती.

भविष्यातल्या क्रेडिटचा सौदा करणं मुळात गैर नाही. प्रकल्प उभारायला आगाऊ पैसा लागतो, म्हणून असे फॉरवर्ड करार होतात. पण त्यात क्रेडिट जारीच झाली नाहीत तर काय, कमी आली तर काय, हे स्पष्ट लिहिलेलं असतं आणि जोखमीमुळे भावही कमी असतो. आमचा भाव कमी का होता, याचं उत्तर असं उशिरा मिळालं.

वापरलेली क्रेडिट पुन्हा बाजारात येणं हा प्रकार नवा नाही. २०१० मध्ये हंगेरी सरकारने तिथल्या कंपन्यांनी आपल्या उत्सर्जनापोटी सरकारकडे आधीच जमा केलेली, क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान करारातली क्रेडिट विकली. ती फिरून युरोपच्या बाजारात उगवली आणि ब्लूनेक्स्ट या एक्स्चेंजला त्यांचे व्यवहार थांबवावे लागले. पुढच्याच वर्षी जानेवारीत काही युरोपीय रजिस्ट्रींमधून उत्सर्जन परवाने, म्हणजे ठरावीक टन उत्सर्जन करायची मुभा, चक्क चोरीला गेले. त्यामुळे विकणाऱ्याची मालकी निर्विवाद आहे आणि मालावर दुसऱ्या कुणाचा बोजा नाही, ही हमी लेखी घ्याच.

आमच्या नव्या करारात व्याख्या अशी आहे: अमुक रजिस्ट्रीने प्रत्यक्ष जारी केलेलं, अमुक प्रकल्पाचं, अमुक व्हिंटेजचं, रिटायर न झालेलं एकक. डिलिव्हरी म्हणजे लाभार्थी म्हणून आमचं नाव घालून रजिस्ट्रीत झालेली रिटायरमेंटची नोंद. ती नोंद आम्ही स्वतः उघडून पाहिल्यावरच पैसे सुटतात. प्रकल्प पुढे रद्द ठरला तर त्याच दर्जाची दुसरी क्रेडिट द्यायची, नाहीतर पैसे परत. हे कलम ऐकून दोन विक्रेते परत फिरकलेच नाहीत.

अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रं कुणी क्रेडिट म्हणून गळ्यात मारत असेल तर तिथेच थांबवा. ती वीज अक्षय स्रोतांतून तयार झाल्याचा दाखला असतात आणि मेगावॉट-तासात मोजतात, टनात नाही. जुन्या सल्लागाराला आमच्या वकिलांनी नोटीस धाडली आहे. त्याच्या उत्तरासोबत पहिल्या कलमाची झेरॉक्स जोडलेली होती, ‘होऊ शकणाऱ्या’खाली पेनाने रेघ मारून.