डिझेल गाडी, चौदा महिने: ऑइल कमी होत नाही, वाढतंय

बीएस-६ डिझेल गाडी घेऊन चौदा महिने झाले, ११,४०० किलोमीटर झाली. पिकअप आणि मायलेजवर मी खूश आहे. लिहायचंय ते फक्त इंजिन ऑइलबद्दल.

माझं रोजचं जाणं कोथरूड ते शिवाजीनगर. अंतर थोडकं, पण कर्वे रोडचे सिग्नल मधे. सातव्या महिन्यात एका रविवारी बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढून फडक्याने पुसली, पुन्हा घालून बघितली. ऑइल ‘मॅक्स’च्या खुणेच्या बोटभर वर! बाबा शेजारीच उभे होते. त्यांच्या जुन्या जीपला कायम टॉप-अप लागायचं. म्हणाले, “वाढलंय ना, मग काळजी कसली?” मी पट्टी त्यांच्या नाकाशी धरली. डिझेलचा भपकारा. बोटांत चोळलं तर चिकटपणा नावालाच.

हे डिझेल तिथे येतं कुठून? या गाड्यांत धुरातली काजळी अडवायला डीपीएफची जाळी असते. ती भरत आली की इंजिन काजळी जाळतं, आणि त्याला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. तेवढी उष्णता आणायला सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडलं जातं. त्यातलं थोडं न जळता भिंतीला लागतं आणि पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. जाळणं अर्धवट असतानाच घर आलं आणि गाडी बंद केली, की पुढच्या वेळी परत तेच. पेट्रोल असतं तर इंजिन नीट तापल्यावर बरंचसं उडून गेलं असतं. डिझेल सहजी उडत नाही, साठत जातं. पातळ झालेल्या ऑइलवर टर्बो आणि बेअरिंगं झिजतात. पातळी फारच चढली तर इंजिन तेच ऑइल ओढून बेफाम पळू शकतं.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, “नॉर्मल आहे, दहा हजार किलोमीटरला बघू.” मला ते अजिबात पटलं नाही. पदरचे पैसे घालून ऑइल आणि फिल्टर बदलून घेतलं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या लो-सॅप्स, म्हणजे कमी राख सोडणाऱ्या, ग्रेडचंच. साध्या ऑइलची राख जाळीत बसते आणि ती राख कितीही तापवली तरी जळत नाही, म्हणून इथे स्वस्त ऑइल घेऊ नका.

आता दर पंधरा दिवसांनी सातारा रस्त्याला खंबाटकीपर्यंत एक फेरी मारतो, गाडी एका वेगात ठेवून, म्हणजे काजळी पुरती जळते. घराशी आल्यावर आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचे मिनिटाला फेरे) आठशेऐवजी हजारावर दिसलं किंवा फॅन घुमत असला, म्हणजे जाळणं चालू असावं, तर गाडी बंद करत नाही. चांदणी चौकाकडे आणखी एक चक्कर मारून येतो. दहा हजारांची वाट न बघता पाच हजारांना ऑइल बदलायचं ठरवलंय.

विकताना शोरूममध्ये कोणी विचारलं नाही की रोज किती चालवता. विचारायला हवं होतं. माझ्यासारखं गावातल्या गावातच फिरणं असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी घ्या; हायवे रोजचा असेल तर हीच गाडी डोळे झाकून घ्या.

काल सकाळी गार इंजिनावर पट्टी पाहिली. ऑइल बदलून चार महिने झालेत, पातळी ‘मॅक्स’च्या किंचित खाली आहे, आणि वास फक्त ऑइलचा.