लाँग स्टे हॉटेलमधले काही महिने: बाकी सगळं चालेल, पण तो दरवाजा!

खोली, बेड, वायफाय यावर सगळ्यांनी लिहून झालंय, ते परत लिहीत नाही. कामासाठी महिनोन्‌महिने एकाच हॉटेलात राहायला लागलं की काय काय बंद पडतं आणि बंद पडल्यावर ही मंडळी काय करतात, एवढंच सांगते. नाव देत नाहीये कारण अजून इथेच मुक्काम आहे आणि बिलाचं भांडण मिटलेलं नाही.

सगळ्यात आधी दरवाजा. समोरच्या खोलीचा. माणूस आत गेला की धाड, बाहेर आला की धाड, रात्री उशिरा आला तरी धाडच. तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, तर एकदा झोप लागता लागता ऐका म्हणजे कळेल. रिसेप्शनला सांगितलं तर त्यांनी फोमचे इअरप्लग पाठवले. पाकिटावर आवाज ३३ डेसिबलने कमी होतो असं लिहिलेलं, पण तो लॅबमधला आकडा, तिथे प्लग कानात नीट बसवलेले असतात. आपण नुसते कोंबतो. ते आधी बोटांनी बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोट तसंच धरून ठेवायचं. तसं केलं तर फरक पडतो, शेजारचा टीव्ही, कॉरिडॉरमधल्या गप्पा बऱ्याच कमी होतात. धाड मात्र कमी होत नाही! कारण तो आवाज हवेतून थोडाच येतो, चौकटीतून भिंतीत आणि भिंतीतून पलंगात येतो, तिथे कान बंद करून काय होणार.

मग मॅनेजर आले आणि पॉइंट्स देऊ केले. ते पॉइंट्स वापरायला परत यांच्याच हॉटेलात राहायचं, तेही एक्सपायर व्हायच्या आत. म्हणजे त्रास यांनी द्यायचा आणि वर गिऱ्हाईक म्हणून परत मीच यायचं. नको म्हटलं.

शेवटी मेंटेनन्सवाले काका भेटले लिफ्टपाशी, त्यांनाच धरलं. ते म्हणाले मॅडम, क्लोजर आहे, बघतो. दाराच्या वर जो डबा असतो ना, त्यात तेल आणि स्प्रिंग असते आणि बाजूला बारीक स्क्रू. साधारण दोन असतात, एक दार किती वेगाने बंद व्हायचं त्याचा आणि एक शेवटच्या वीतभर अंतरात ते किती जोरात लागायचं त्याचा, त्याला लॅच म्हणतात. आपल्या धाडेचं मूळ तो दुसरा स्क्रू. काकांनी स्क्रूड्रायव्हर लावला, जेमतेम पाव वेढा फिरवला, दार मुकाट्याने लागलं. बस! इतके आठवडे रिसेप्शन, मॅनेजर, पॉइंट्स, इअरप्लग, आणि काम दोन मिनिटांचं. काकांनी हेही सांगितलं की स्वतः करायला जाऊ नका, स्क्रू जास्त सैल झाला तर तेल बाहेर येतं, आणि क्लोजर एकदा गळायला लागला की कितीही फिरवा उपयोग नाही, बदलायलाच लागतो.

तोपर्यंत मी सरळ म्हणत होते की काढून टाका ना ते क्लोजर. मग एका रात्री फायर अलार्म वाजला आणि ते मत बदललं. हॉटेलच्या खोल्यांची दारं आगीची दारं असतात, आपोआप बंद होऊन कडी लागलीच पाहिजे, नाहीतर एका खोलीतला धूर अख्ख्या मजल्यावर. त्यामुळे दार बंद होण्याबद्दल आता तक्रार नाही. आपटण्याबद्दल आहे.

अलार्मचं म्हणाल तर इथे मात्र यांना पूर्ण मार्क. मला वाटलेलं नुसता गोंधळ असेल. पण जिन्यात टॉर्च घेऊन माणूस उभा, खाली गेस्टची यादी घेऊन एकजण हजेरी घेतोय, आणि लगेच कारणही सांगितलं, कोणीतरी गरम शॉवर घेऊन बाथरूमचं दार उघडं टाकलेलं, वाफ डिटेक्टरला लागली. इअरप्लग घालून अलार्म ऐकू येईल का ही माझी भीती होती, मला आला. नंतर वाचलं तर अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या नियमावलीत झोपायच्या खोलीसाठी उशीपाशी निदान ७५ डेसिबल आणि नेहमीच्या चिरक्या आवाजाऐवजी ५२० हर्ट्झचा जाडा आवाज मागितलाय, तो झोपलेल्याला जास्त जागं करतो म्हणून. तरी आता मी दोन्ही कानांत घालत नाही. चप्पल, दाराचं की-कार्ड आणि फोन पलंगाशेजारी. जिन्यापर्यंत किती दारं आहेत तेवढं पहिल्याच दिवशी मोजून ठेवा, धुरात दिसत नाही. आणि दार उघडायच्या आधी हाताची मागची बाजू लावून बघा, गरम लागलं तर उघडू नका, फटीत ओला टॉवेल लावा, फोन करून खोली नंबर सांगा.

लाइट गेले तेव्हा वाटलं आता कार्डाने दार उघडणार कसं. उघडलं. कुलूप बॅटरीवर चालतं. खोलीतला तो कार्ड खोचायचा स्विच मात्र बिनकामाचा, कार्ड काढलं की चार्जिंग बंद, लॅपटॉप चार्जिंगला लावून खाली जाता येत नाही. जादा कार्ड मागून घ्या, देतात. पाणी बंद राहणार होतं त्याची चिठ्ठी आदल्या दिवशी दाराखालून सरकवली होती, वेळेसकट, आणि पाणी त्या वेळेला आलंही. आधी गढूळ येतं, थोडं वाहू द्यायचं, एवढंच.

खरी परीक्षा वरच्या मजल्यावर ड्रिलिंग सुरू झालं तेव्हा. पुन्हा तीच ऑफर, पॉइंट्स. यावेळी मी म्हटलं आधी खोली बदला, पैशाचं नंतर बोलू. हे मी सगळ्यांना सांगेन, कारण डिस्काउंट घेऊन बसलात की आवाज चालूच राहतो आणि त्यांच्या लेखी विषय संपतो. आणि खोली बदलताना नुसती दुसरी नको, बघून घ्या. लिफ्ट, जिना, बर्फाचं मशीन यांच्यापासून लांब, कॉरिडॉरच्या मधली, आणि शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असलेली तर अजिबात नको, त्या दारातून शेजाऱ्याचं घोरणं सुद्धा येतं. मला दुसऱ्या विंगमध्ये मिळाली, सामान त्यांच्याच माणसाने हलवलं, आणि गेल्या गेल्या मी काय केलं असेल? समोरचं, डावीकडचं, उजवीकडचं, सगळी दारं लागताना ऐकली. एक आपटत होतं. काकांना बोलावलं.

स्टाफला पाचपैकी साडेचार, इमारतीला तीन. अकाउंट्सला मार्क द्यायचे की नाही ते ठरायचंय, कारण ड्रिलिंगच्या दिवसांचं डिस्काउंट मॅनेजरने ईमेलवर कबूल केलं तरी बिलात उतरलेलं नाही. अकाउंट्सवाले म्हणतात ईमेल आमच्याकडे आलाच नाही. सीसीत त्यांचंच नाव आहे, ते दाखवलं. आता म्हणतात सोमवारी बघतो.