सूत्र लिहायचं कसं: तिरकस गुणाकार की प्रभारांची बेरीज?

रासायनिक सूत्रं सुरू झाली की मुलांपुढे दोन वाटा असतात. तिरकस गुणाकारात एका मूलद्रव्याची संयुजा (म्हणजे जोडणीची क्षमता दाखवणारा आकडा) दुसऱ्याच्या पायाशी लिहायची, दुसऱ्याची पहिल्याच्या. प्रभारांच्या पद्धतीत धन आणि ऋण मिळून शून्य होईपर्यंत आयन (प्रभार असलेले अणू किंवा अणूंचे गट) घेत जायचं. शिकवताना मी दोन्ही वापरल्या आहेत. सरळ प्रश्नाला दोन्हींनी बरोबर उत्तर येतं, त्यामुळे ज्याच्या हाताला जी बसली ती त्याने मोडू नये, असंही कुणी म्हणेल.

वेगात तिरकस गुणाकाराला तोड नाही. ॲल्युमिनिअम ३, ऑक्सिजन २, आकडे फिरवले की ‘एएल टू ओ थ्री’ तयार. प्रभारवाला तेव्हा ३ आणि २ चा लसावि ६ काढत बसलेला असतो. पहिले काही दिवस हा संथपणा मुलांना जाचतो, हे खरं.

तिरकस गुणाकारात मॅग्नेशिअम ऑक्साइड ‘एमजी टू ओ टू’ असं येतं, म्हणून ‘शेवटी आकडे लहान करा’ असा जादा नियम सांगावा लागतो. मन लावून शिकणारं मूल तोच नियम हायड्रोजन पेरॉक्साइडला लावतं आणि ‘एच टू ओ टू’चं ‘एचओ’ करून टाकतं. पेरॉक्साइड हा दोन ऑक्सिजनचा मिळून एकच आयन, त्यावर प्रभार −२, हे माहीत असलं की लहान करायला काही उरत नाही.

एवढंच असतं तर मी चालवून घेतलं असतं. माझं मन फिरलं ते उलट्या प्रवासामुळे, म्हणजे सूत्रावरून नाव लिहिताना. ‘सीयूओ’ दिलं की मूल आकडे परत फिरवतं: ऑक्सिजनच्या पायाशी १, म्हणजे तांब्याची संयुजा १, म्हणून कॉपर (१) ऑक्साइड; नावातल्या कंसात संयुजा लिहितात. प्रत्यक्षात हे काळं कॉपर (२) ऑक्साइड, म्हणजे क्युप्रिक. लाल क्युप्रस ऑक्साइड म्हणजे ‘सीयू टू ओ’. मँगनीज डायऑक्साइडचंही तेच: उलटं फिरवून २ मिळतात, असतात ४. आकडे लहान करताना संयुजाच पुसली गेलेली असते, मग ती परत मिळणार कुठून? प्रभारवाल्याला ही अडचण येत नाही. ऑक्साइडचे −२, बेरीज शून्य, म्हणजे तांब्यावर +२.

याचा फटका मोलच्या (पदार्थाचं प्रमाण मोजायच्या एककाच्या) गणितात बसतो. ‘७.९५ ग्रॅम कॉपर (२) ऑक्साइडमध्ये तांबं किती?’ असा प्रश्न घ्या. मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचे ग्रॅम, ७९.५, म्हणून ०.१ मोल, म्हणून ६.३५ ग्रॅम. पण नावातला २ म्हणजे दोन तांबे असं वाटून ‘सीयू टू ओ’ धरलं, तर वस्तुमान १४३ होतं आणि तांबं येतं ७.०६ ग्रॅम. भागाकार, गुणाकार सगळं चोख, उत्तर मात्र चुकलेलं. मूल चूक शोधतं मोलच्या पायरीत आणि ‘मला मोल जमत नाही’ असं धरून बसतं. ते बघवत नाही.

चाचणी दोन दिवसांवर असेल तर आहे ते बदलू नका. मूलकाला (एकत्र राहणाऱ्या, प्रभार असलेल्या अणुगटाला) कंस तेवढा आठवणीने घालायला सांगा, नाहीतर कॅल्शिअम फॉस्फेटमध्ये ऑक्सिजनच्या पायाशी ४२ दिसतात. हाताशी महिना असेल आणि पुढे विज्ञान घ्यायचं असेल, तर मी प्रभारांकडे झुकेन. अकरावीत ऑक्सिडेशन नंबर (संयुगातल्या अणूवर धरलेला प्रभार) येतो तो याच बेरजेवर. परमँगनेटमध्ये चार ऑक्सिजनचे −८, आयनावर −१, म्हणून मँगनीजचे +७. तिथे तिरकस फिरवायला आकडेच नसतात.