ग्रीकनंतर कोणती भाषा: लॅटिन, सिरियाक की कॉप्टिक?

नव्या कराराची पाठचिकित्सा, म्हणजे जुन्या पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवण्याचे काम, करायची तर ग्रीक लागतेच, तिथे निवडीचा प्रश्न नाही. प्रश्न येतो त्यानंतर. ग्रीक पोथ्यांच्या जोडीला फार जुन्या काळापासून झालेली भाषांतरे साक्षीला असतात, आणि त्यांत लॅटिन, सिरियाक व इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची कॉप्टिक यांचे वजन सर्वांत जास्त. तिन्ही भाषा एका आयुष्यात शिकून होतात, पण पीएचडीच्या मुदतीत नाही.

भाषांतराची साक्ष काढणे आपल्याकडेही झाले आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताचे आदिपर्व संपादित करताना सुखठणकरांनी जुन्या जावानीजमधले आदिपर्व आणि नन्नयाचे तेलुगू भारतही तपासले होते. भाषांतरकारासमोरची मूळ पोथी कधीच नष्ट झालेली असते, तरी तिच्यात एखादा प्रसंग होता की नव्हता, हे भाषांतर सांगू शकते. त्या प्रसंगात शब्द नेमका कोणता होता, हे मात्र ते क्वचितच सांगते. तीन भाषांतला खरा फरक या दुसऱ्या कामात दिसतो.

आधी तिघींना एकच प्रश्न विचारून पाहा. मार्कचे शुभवर्तमान १६:८ ला, घाबरून पळालेल्या स्त्रियांपाशी संपते, की पुढे काही आहे? व्हॅटिकनस आणि सिनाइटिकस या चौथ्या शतकातल्या ग्रीक पोथ्या तिथेच थांबतात. लॅटिनमध्ये तुरिनची कोडेक्स बोबिएन्सिस ही पोथी त्यापुढे फक्त ‘छोटा शेवट’, म्हणजे काही ओळींचा समारोप, देते. नुसता तेवढाच शेवट असलेली दुसरी पोथी कोणत्याही भाषेत सापडलेली नाही. सिरियाकमध्ये सिनाई मठातली पोथी आठव्या ओवीला थांबते, तर क्युरेटनने १८५८ मध्ये छापलेल्या पोथीत लांब शेवटाच्या (१६:९-२०) अखेरच्या चार ओव्या उरल्या आहेत. कॉप्टिकच्या सहिदिक बोलीत बार्सिलोनाची पोथी आठला संपते, इतर काही दोन्ही शेवट पाठोपाठ देतात. तेव्हा ‘सिरियाक काय म्हणते?’ हा प्रश्नच ढोबळ आहे. कोणती सिरियाक पोथी, असे विचारायचे.

लॅटिनपासून सुरुवात करू, कारण तिथे सामग्री सर्वांत जास्त. व्हल्गेट या प्रमाण लॅटिन बायबलचा कर्ता जेरोम, त्याच्या आधीची ‘जुनी लॅटिन’ भाषांतरे कोणा एकाची नव्हती. ग्रीक पोथी हाती आली आणि दोन्ही भाषा थोड्याफार येतात असे वाटले, की माणूस भाषांतराला बसायचा, अशी ऑगस्टिनची तक्रार आहे. जेरोमही कुरकुरतो की जितक्या पोथ्या, जवळजवळ तितके पाठ. त्यांना जो गोंधळ वाटला, तो आपल्या कामाचा आहे. या मंडळींनी ग्रीकला शब्दाला शब्द ठेवला, त्यामुळे लॅटिनवरून मागे ग्रीककडे जाणे बऱ्याचदा जमते. अडते ते उपपदांपाशी. मराठीसारखीच लॅटिनलाही निश्चित उपपदे नाहीत, आणि ग्रीकचा अओरिस्ट (साधा भूतकाळ) व पर्फेक्ट (‘केले आहे’ या अर्थाचा काळ) दोन्ही एकाच रूपात बसतात.

लॅटिनची आणखी एक बाजू मला निर्णायक वाटते. कार्थेजचा बिशप सिप्रियन २५८ मध्ये मारला गेला आणि त्याच्या लेखनात वचनेच वचने आहेत. बोबिएन्सिसचा पाठ त्याच्या अवतरणांशी जुळतो. म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातल्या एका पोथीला तिसऱ्या शतकातला उत्तर आफ्रिकेचा पत्ता मिळतो. पाठाचे ठिकाण आणि काळ इतक्या ठामपणे दुसरीकडे फारसे कळत नाहीत. जर्मनीतल्या बॉयरोनच्या संस्थेने १९४९ पासून जुन्या लॅटिनचे खंड काढले आहेत, मात्र ते वापरायला जर्मन वाचता यायला हवी. व्हल्गेटवर या कामात फार वेळ घालवू नका. शुभवर्तमानांपुरती ती जेरोमने ग्रीकशी ताडून केलेली दुरुस्ती आहे.

सिरियाककडे लोक भावनेने वळतात. येशूची भाषा अरामी, सिरियाक ही तिचीच शाखा, मग तिथे मूळ शब्द मिळतील, अशी आशा असते. ती सोडून द्या. सिरियाक शुभवर्तमाने ग्रीकवरून भाषांतरित झालेली आहेत. त्यांचे महत्त्व वेगळे आहे. १८९२ मध्ये अ‍ॅग्नेस स्मिथ लुईस बहिणीबरोबर सिनाईच्या मठात गेल्या. संत स्त्रियांच्या चरित्रांखाली खरवडलेला शुभवर्तमानांचा जुना मजकूर (वर आलेली सिनाईची पोथी ती हीच) त्यांनी ओळखला आणि त्याचे फोटो घेतले. पुढच्या वर्षी बेन्सली, बर्किट आणि रेंडेल हॅरिस हे अभ्यासक त्यांच्याबरोबर जाऊन तो उतरवून आले. अगदी २०२३ मध्येही व्हॅटिकनच्या एका पोथीत, दोनदा पुसून लिहिलेल्या पानाखाली, जुन्या सिरियाकचा, म्हणजे सर्वांत आधीच्या सिरियाक भाषांतराचा, आणखी एक तुकडा जाहीर झाला. हे क्षेत्र अजून हलते आहे.

पण जुनी सिरियाक मोकळेपणाने भाषांतर करते. सर्वनामे घालते, क्रम बदलते. पीटर विल्यम्स यांनी २००४ मध्ये दाखवले की ग्रीक आवृत्त्यांच्या तळटिपांत सिरियाकच्या नावावर लावलेले कितीतरी पाठभेद पाठभेद नाहीतच, ती त्या भाषेची सवय आहे. याच्या उलट टोकाला ६१६ मध्ये हार्केलच्या थॉमसने अलेक्झांड्रियाजवळ केलेले हार्कलियन भाषांतर. ते इतके शब्दशः आहे की सिरियाक वाचकाला ते खटकत असणार, पण आपल्याला त्यातून ग्रीक आरपार दिसते. प्रेषितांच्या कृत्यांच्या समासात, म्हणजे पानाच्या कडेला, थॉमसने टिपलेले पाठ तर सोन्याचे आहेत. पेशित्तामध्ये, म्हणजे सिरियाक चर्चच्या प्रमाण भाषांतरात, २ पेत्र, २ व ३ योहान, यहूदा आणि प्रकटीकरण नाही, हे विषय निवडण्याआधी लक्षात ठेवा. भारतातल्या विद्यार्थ्याला एक सोय आहे: कोट्टायमला सेंट एफ्रेम संस्थेत सिरियाक शिकता येते.

कॉप्टिक, म्हणजे इथे सहिदिक, दिसते परकी पण वागते सरळ. तिने ग्रीक शब्द, अगदी अव्ययेसुद्धा, जसेच्या तसे उचलले. निश्चित आणि अनिश्चित दोन्ही उपपदे तिच्याकडे आहेत. कर्मणी प्रयोग मात्र नाही, म्हणून ‘त्याला बोलावले गेले’ आणि ‘त्यांनी त्याला बोलावले’ यांत ग्रीक काय होते ते कळत नाही.

तिची पत वाढली ती १९६१ मध्ये. योहान १०:७ ला बहुतेक पोथ्यांत ‘मेंढरांचे दार’ आहे, सहिदिकमध्ये ‘मेंढरांचा मेंढपाळ’. लूक १६:१९ च्या श्रीमंत माणसाला सहिदिक निनेवे असे नाव देते. ही भाषांतरकाराची करामत समजून बाजूला ठेवलेली होती. मग पपायरस ७५ ही लूक आणि योहानची फार जुनी ग्रीक पोथी प्रसिद्ध झाली आणि त्यात ग्रीकमध्येच ‘मेंढपाळ’ निघाले, आणि श्रीमंताचे नाव ‘नेवेस’, बहुधा ‘निनेवेस’मधले अक्षर गळून झालेले. दोन्ही पाठ मूळचे असतील असे मला वाटत नाही. पण भाषांतरकार समोरचे ग्रीक प्रामाणिकपणे वाचत होता, एवढे पक्के झाले.

अडचण सामग्रीची. इजिप्तमधल्या श्वेत मठाच्या पोथ्या पानापानाने विकल्या गेल्या, एकाच पोथीची पाने पॅरिस, व्हिएन्ना, लंडनला पसरली. अर्धा वेळ पाने जुळवण्यात जातो.

आर्मेनियन, जॉर्जियन आणि गॉथिक पहिल्या निवडीत धरू नका. गॉथिक पाठ बराचसा उत्तरकालीन ग्रीक परंपरेचा आहे.

माझा कौल असा. प्रेषितांची कृत्ये हा विषय असेल तर लॅटिन, आणि पुढे हार्कलियनचा समास वाचण्यापुरती सिरियाक. योहान किंवा लूकचा अलेक्झांड्रियन पाठ (व्हॅटिकनस आणि पपायरस ७५ यांच्या वळणाचा) हवा असेल तर सहिदिक, वर्षभरात लॅम्डिनच्या व्याकरणावरून वाचण्याइतकी येते. हिब्रू किंवा अरबी आधीच येत असेल तरच सिरियाक पहिली घ्या, धातूंची रचना ओळखीची वाटेल. विषय ठरलेला नसेल तर लॅटिन. ठरवण्याआधी नव्या कराराच्या प्रमाण ग्रीक आवृत्तीत, म्हणजे नेस्टले-आलांडमध्ये, आपल्या अध्यायाच्या तळटिपा उघडा आणि कोणत्या भाषेच्या खुणेपाशी आपण वारंवार अडतो ते पाहा.