फिल्म दाखवली, फ्रेम नव्हतीच

रात्रीचे साडेअकरा झाले असतील. ढोल वाजवून दमलेल्या एका पोरानं कमरेचा पट्टा सोडला, तर टी-शर्टच्या छातीवर छापलेल्या राजहंसगडाचा, आमच्याजवळच्या किल्ल्याचा, अर्धा बुरूज पट्ट्याला चिकटून आला. पोरं हसली. मला काही हसू आलं नाही. टी-शर्टचं काम अंगावर मी घेतलं होतं, आणि पैसे वर्गणीचे होते.

आमच्या बेळगावात शिवजयंती तिथीनं होते, वैशाख शुद्ध द्वितीयेला. त्यानंतर चित्ररथांची मिरवणूक निघते, ती रात्रभर चालते. मंडळासाठी काळे सुती टी-शर्ट १२० घेतले. कापड चांगलंच होतं. आमच्या वडगावात घरोघरी माग, सूत बोटांत चोळलं की बरं-वाईट कळतं. घोळ झाला तो कापडावर नाही, कॉम्प्युटरमध्ये.

छपाईवाला ओळखीच्या ओळखीतून मिळाला. गोड बोलायचा. आम्ही गडाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, अर्ध्या तासात त्यानं काळ्या टी-शर्टवर गड, वर भगवा, खाली मंडळाचं नाव असं चित्र पाठवलं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मग हिशोब आला: आर्टवर्क नव्यानं काढायचे २,५००, स्क्रीन प्रिंटिंगच्या, म्हणजे जाळीतून रंग कापडावर उतरवायच्या, चार रंगांच्या चार फ्रेम प्रत्येकी ६०० प्रमाणे २,४००, आणि छपाई नगाला ४०. आर्टवर्क आणि फ्रेमचे मिळून ४,९०० आधी पाहिजेत म्हणाला. ते बरोबरच आहे, फ्रेम बनवायला खर्च येतो, कुणीही आधीच मागेल. बिलाचं विचारलं तर, "बिल पाहिजे तर जीएसटी वरनं पडेल, तुमचं तुम्ही बघा की." आम्ही गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी त्यानं व्हिडिओ पाठवला. "फिल्म निघाली बघा." पारदर्शक कागदावर भगवा, पिवळा, तपकिरी, सगळा गड झळकत होता. आम्ही खूश.

इथंच आम्ही गंडलो. हे मला नंतर आमच्याच गल्लीच्या पलीकडं टेबलावर छपाई करणाऱ्या एका मामांनी सांगितलं. त्यांच्या हातात टी-शर्ट दिला, तर त्यांनी आधी चित्र बघितलंच नाही, नखानं कडा उचलली. पातळ पापुद्रा सुटून आला.

"ह्याला स्क्रीनचा रंग लागलेलाच नाही. हे डीटीएफ. फिल्मवर छापून गोंदाची पूड टाकायची आणि गरम प्रेसनं दाबायचं. दाब नाहीतर ताप कमी पडला की असं उठतंय."

मी व्हिडिओ दाखवला. मामा हसले. "स्क्रीनची फिल्म कधी रंगीत असते काय?"

मग त्यांनी जुन्या पॉझिटिव्हचा, म्हणजे स्क्रीनच्या फिल्मचा, गठ्ठा काढला. भगव्याची फिल्म काळी, पिवळ्याची काळी, पांढऱ्याची पण काळीच. रंग वेगळे करायचे, प्रत्येकाची काळीभोर फिल्म काढायची, इमल्शन, म्हणजे उजेडानं घट्ट होणारा लेप, लावलेल्या फ्रेमवर ठेवून उजेड द्यायचा. काळ्याखाली उजेड पोचत नाही, तेवढं इमल्शन कच्चं राहतं आणि पाण्यानं धुऊन जातं. तेवढ्याच जागेतून स्क्वीजीनं, रबरी पट्टीनं ओढून, रंग उतरतो. चारी फिल्मवर कोपऱ्यात अधिक चिन्हाची (+) खूण असते, ती जुळली तरच रंग एकावर एक बसतात. काळं कापड रंग खातं, म्हणून आधी पांढरा बेस, तोही कडेनं केसभर आत घेतलेला, नाहीतर पांढरी किनार डोकावते. आर्टवर्कचे पैसे ह्या कामाचे असतात.

एक सांगायला पाहिजे, डीटीएफ वाईट नव्हे. दहा-वीस नग असतील, रंग भरपूर असतील, तर तेच परवडतं, आणि नीट दाबलं तर टिकतंही. पण त्याला फ्रेम लागत नाही. आमच्याकडून घेतलेले २,४०० कशाचे, ह्याचं उत्तर त्यानं आजवर दिलेलं नाही.

आणि २,५०० चं आर्टवर्क? भांडून भांडून कोरलची, म्हणजे चित्र काढायच्या सॉफ्टवेअरची, फाईल मिळवली होती. मामांच्या पोरानं ती उघडून वायरफ्रेम, म्हणजे नुसता सांगाडा दाखवणारा व्ह्यू, लावली. हातानं काढलेलं असतं तर नुसत्या रेषा दिसल्या असत्या. गड मात्र रेषांत आलाच नाही, आमचाच फोटो आत चिकटवलेला. रुंदी ९०० पिक्सेल. छातीवर १२ इंच छापायचं म्हणजे इंचाला ७५ पडले, फोटो वापरायचाच तर ३०० लागतात. बुरूज धुरकट का दिसत होता ते तेव्हा कळलं. ह्यात थोडी चूक आमचीही, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर एवढा आवळला नसता. मंडळाच्या नावाच्या जागी तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. जुना मराठी फॉन्ट, कर्व्ह केलेलाच नाही, म्हणजे अक्षरांचं आकारात रूपांतर केलेलं नाही. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर असंच होणार. म्हणजे ती फाईल घेऊन दुसऱ्याकडं जायचीही सोय नव्हती.

वकील मित्रानं पहिलाच प्रश्न बिलाचा केला. पुढं बोलण्यासारखं काही राहिलं नाही. वर्गणीच्या वहीत फ्रेमचे पैसे मी माझ्या खिशातून भरले.

ह्या वर्षी मामांकडं दिलं. गड दोनच रंगांत, रेषेत काढून घेतला. आधी एका टी-शर्टवर छापून घरी दोनदा धुतला, मग बाकीच्यांना हो म्हटलं. पॉझिटिव्ह माझ्या कपाटात आहेत.

परवा त्या पहिल्या छपाईवाल्याच्या स्टेटसला काळा टी-शर्ट दिसला. गड आमचाच, बुरूज तसाच धुरकट, खाली नाव मात्र खानापूरकडच्या एका मंडळाचं. ओळख काढून तिथल्या पोराला फोन लावला. फ्रेमचे पैसे दिलात काय म्हणून विचारलं.

"कालच पाठवलं की," तो म्हणाला. "फिल्मचा व्हिडिओ पण आलाय, काय भारी रंग दिसतंय."